घरातल्या सगळ्या गाठी

कळा सुरू झाल्या, जीप दारात आली, आणि सासूबाई काही जीपमध्ये बसल्या नाहीत. "मला घरी काम हाय. तुझी आई हाय की सोबत," म्हणाल्या. मला असा राग आला! सोनारीहून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मी नवऱ्याला आणि आईला त्यांच्याबद्दल काय काय ऐकवलं, ते आता आठवलं तरी लाज वाटते.

राग खरा भीतीचा होता. दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या खेपेला सगळं ठीक आहे, असं डॉक्टरीणबाई दर महिन्याला सांगायच्या आणि मी मान डोलावून घरी येऊन रडायचे. सासूबाई भैरवनाथाचा अंगारा माझ्या कपाळाला लावायच्या आणि मुकाट्यानं भाकरी थापायला बसायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगाऱ्याला नाक मुरडायचे, पण कपाळ पुढं करायचे.

दुपारपर्यंत मी हात टेकले. "मला नाही जमणार, ऑपरेशनच करा," म्हणून सिस्टरच्या मागे लागले. आईनं घाबरून सासूबाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "घरातली समदी कुलपं काढली म्या. पेट्या, डबे, कणगी, समदं उघडं हाय. अंबाडा बी सोडला, म्हशीचं दावं बी सोडलं. आता घरात एक गाठ न्हाय. तुला कुठं अडायचं न्हाय, बघ."

"आत्या, म्हैस सोडली?"

"सोडली तर! शेजाऱ्याच्या कडवळात शिरलीय. त्यो लई शिव्या द्यायलाय."

त्या कळेतही मला हसू फुटलं. सिस्टर म्हणाली, "हसा, हसा. असंच अंग सैल ठेवा."

बाळंतीण अडू नये म्हणून घरातल्या गाठी सोडायच्या, यावर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. पण माझ्यासाठी सगळं घर उघडं टाकून बसलेली ती बाई डोळ्यांपुढं आली आणि भीती खरंच उतरली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला घेतलं आणि तिच्या डोक्यावर कुंची घातली. पिवळी, हिरव्या काठाची. मी ओळखली. पहिल्या बाळासाठी त्यांनीच शिवली होती. ते गेल्यावर त्यांनी सगळी झबली-टोपडी जुन्या लुगड्यात गाठ मारून पेटीच्या तळाशी टाकली होती. त्यानंतर ते गाठोडं कुणी बाहेर काढलं नव्हतं.

"ह्याच्यासाठी थांबले हुते," कुंची सारखी करत त्या म्हणाल्या. "बाकी समदं कुणी बी सोडलं असतं. ही गाठ मीच मारलेली. दोन वर्षं हात लावायचं धाडस झालं न्हाय. लई घट्ट बसली हुती, बाई. शेवटी दातानं सोडली."