वाघबारशीचं मागणं

पनवेलच्या बाजारात सुकट घेत होते, तेव्हा मामेभाऊ समोर येऊन उभा राहिला. "ताय, बाबा गेला..." नेरे गावचा माझा धर्मामामा. पिकलेलं भात राखायला गेला होता. पहाटे रानडुकरानं मांडी फाडली, जखम चिघळली आणि तापात माणूस संपला. एवढा धिप्पाड मामा डुकरानं न्यावा? मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

मी परकरी पोर असताना डोंगरातल्या वाघानं मामाचा बैल नेला. मामा पेटलाच! मुंबईचे बंदूकवाले साहेब आले, तेव्हा घासलेटचा रिकामा डबा बडवत, रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांच्या पुढे हाच. वाघ पडला. गावानं वरात काढली, मीही नाचले. साहेब कातडं घेऊन गेले. बैल गेल्याचं मामाचं दुःख खोटं नव्हतं. पण त्यानंतर त्या डोंगरात वाघ कुणाला दिसला नाही. तो शेवटचा असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग डुकरं मातली. वाघाच्या धाकानं रानात दबून असायची, ती कळपानं थेट खाचरांत उतरू लागली. दाणा भरला की भात खायची, उरलेलं लोळून सपाट करायची. मामा तोच डबा घेऊन राखणीला जायचा. पुढेपुढे डुकरं त्या आवाजालाही जुमानेनात. मागच्या साली मी चिडवलं, "काय रे मामा, वाघ उठवणारा तू, आणि डुकराला भितोस?" एरवी टाळी देऊन हसणारा मामा हसला नाही. "बैल खायचा गो तो, पन भात बी तोच राखायचा. आमचा राखन्या आमीच मारला... तवा कललं नाय."

नेऱ्याला दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीच्या दिवशी वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे खीर ठेवतात. मागणं पूर्वीपासून एकच, आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नको. वाघ नसतानाही मामा खीर ठेवायचा आणि हेच मागायचा. लोक हसायचे. यंदा मी मुद्दाम गेले. मामीनं पानावर खीर वाढली आणि हात जोडले.

"वाघोबा, ये रं परत," ती म्हणाली. "एखादं वासरू ने, पन ये."

घरी आलो. ओट्यावर तो डबा होता, जागोजागी चेपलेला. मामीनं तो उचलला आणि मुलाच्या हातात दिला. भात अजून कापायचं होतं.