मावशीनं घासलेला बिल्ला

माझ्या मावशीला मळकं काही बघवत नाही. एका मोठ्या हॉटेलात तिनं हयातभर पितळ घासलं. दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे, लिफ्टमधल्या पट्ट्या, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिथं तिला सगळे 'चकाकी' म्हणत, मॅनेजरसुद्धा. आमच्याकडे आली की मी तिला स्वयंपाकघरात शिरू द्यायची नाही, नाहीतर चहा राहायचा बाजूला आणि ही बसायची माझे नळ घासत.

तिचा थोरला सैन्यात होता. साधा शिपाई. ट्रकमधून दारूगोळा पोचवायला निघाला आणि पोचलाच नाही. तो गेल्यावर टपालानं एक पुठ्ठ्याचं खोकं आलं. त्यात पदक होतं. मावशी त्याला बिल्लाच म्हणायची. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत थोरल्याचा नंबर आणि नाव कोरलेलं होतं. चांदी काळी पडते, पण मावशीच्या घरात काळं पडायची कुणाची बिशाद! दर सुट्टीला ती खिडकीशी बसायची आणि हॉटेलातली पावडर लावून बिल्ला घासायची. घासता घासता थोरल्याशी बोलायची. शेजारणीची भांडणं, भाजीचे भाव, धाकट्याच्या तक्रारी, सगळं त्याच्या कानावर घालायची. म्हणून मी कधी मध्ये पडले नाही.

तो बिल्ला धाकट्यानं विकला. हो, तिच्याच पोटच्या धाकट्यानं. आईला न विचारता कपाटातून काढला आणि जुन्या लष्करी वस्तूंच्या दुकानात देऊन आला. मावशीनं घर पालथं घातलं तेव्हा हा मूग गिळून बसला होता. शेवटी मी बखोट धरलं तेव्हा म्हणाला, "अगं ताई, दादा तर गेला. तो नुसता धातू होता. पडून होता घरात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडून तर हा स्वतः होता घरात, बत्तीस वर्षांचा घोडा, आईच्या जिवावर!

मावशीला घेऊन मी ते दुकान गाठलं. आत थंडगार. भिंतभर काचेची कपाटं, लाल मखमलीवर पदकंच पदकं, प्रत्येकाखाली किंमत. इतक्या घरांतून इतकं काही बाहेर पडलं होतं, आणि वर दिवे असे सोडलेले की दागिन्यांचं दुकान वाटावं. दुकानदार पांढरे हातमोजे घालून बसला होता. साखरेत घोळून बोलणारा माणूस.

"या मावशी, बसा," म्हणाला. माझ्या मावशीला मावशी म्हणणारा हा कोण टिकोजीराव?

तिनं बिल्ला लगेच ओळखला. टेबलावरच होता. "साहेब, हा माझ्या मुलाचा आहे. चुकून विकला गेला. तेवढा द्या."

"कुणाचा ते कडेला कोरलेलं असतं, मावशी. दाखवा बरं नाव."

मावशीनं बिल्ला हातात घेतला आणि कड दिव्याखाली धरून फिरवली. एकदा, मग परत. कड गुळगुळीत होती.

"कुणीतरी घासघासून पार वाटोळं केलंय," दुकानदार म्हणाला. "जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो, हे लोकांना कळत नाही. निनावी पदक कोण घेतं? आम्ही आहोत म्हणून हे जपलं जातंय, नाहीतर सगळं भंगारात गेलं असतं."

"मीच घासलं," मावशी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. मला त्या माणसाचे हातमोजे त्याच्याच तोंडात कोंबावेसे वाटले.

पण त्यानं हात वर केले. ज्यानं विकलं त्यानं येऊन सांगावं, मग बघू, म्हणाला. पुढच्या आठवड्यात आम्ही धाकट्याला पुढं घालून परत गेलो. वाटेत मावशीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बिल्ला आता टेबलावर नव्हता. कपाटात होता, मधोमध, मखमलीवर. खाली छापील चिठ्ठी होती: कुणा कॅप्टनचं नाव, कुठल्याशा खिंडीतली लढाई, 'शौर्यानं धारातीर्थी'. समोर भारी कोट घातलेला एक संग्राहक मान तिरकी करकरून बघत होता. बिल्ल्याच्या कडेला नवीकोरी अक्षरं होती. निनावी बिल्ला विकला जात नाही, म्हणून या गृहस्थानं चक्क दुसऱ्याचं नाव कोरून घेतलं होतं!

मी काय आणि किती ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "हे नाव खोटं आहे! हा माझ्या मावसभावाचा बिल्ला आहे, आणि हा बघा विकणारा, उभा आहे इथं!" धाकटा खाली मान घालून म्हणाला, "हो. मी विकला. आईला न विचारता." भारी कोटवाल्यानं घड्याळ पाहिल्यासारखं केलं आणि तो दाराबाहेर सटकला. दुकानदाराचा चेहरा पडला. त्यानं घाईघाईनं कपाट उघडलं. "घेऊन जा, मावशी. पैसे नकोत. फक्त आवाज नको."

जिंकलो होतो आम्ही. मी पिशवी उघडून धरली.

मावशी कडेवरची अक्षरं वाचत होती. "हा कोण?"

"होता एक कॅप्टन. पुस्तकात मिळाला."

"खरंच गेला तो? लढाईत?"

"हो, खराच. म्हणून तर..."

"मावशी, चल ना," मी म्हटलं. "घरी नेऊन ते नाव घासून टाकू. खोटंच आहे."

"नाव कुठं खोटं आहे गं? पोरगं खरंच मेलंय की." तिनं बिल्ला तळहातावर धरला होता. "माझ्याचं नाव माझ्या हातानं गेलं. आता हिच्याही पोराचं पुसू?"

हिच्याही, म्हणाली. त्या कॅप्टनची आई जणू शेजारीच उभी होती.

मग ती दुकानदाराकडे वळली. जन्मभर साहेब लोकांना अहो-जाहो करणारी माझी मावशी. "तू विचारलंस का रे तिला? नाव घेताना?"

मावशीनं बिल्ला काचेवर ठेवला आणि बाहेर पडली. धाकटा "आई, आई" करत तिच्या मागं धावला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्यानंतर तिनं बिल्ल्याचं नाव काढलं नाही आणि खिडकीशी बसणंही सोडलं. नळसुद्धा आता घासत नाही. माझ्या घरी येते आणि गप्प बसून चहा पिते.

दुकान अजून चालू आहे. मी त्या रस्त्यानं गेले की दारातूनच विचारते, "काय हो, विकला का कॅप्टन?" आत गिऱ्हाईक असेल तर आणखी मोठ्यानं विचारते.