डाव्या हाताचा ग्राइंडर

मी डावखुरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरनंच आहे.

लहानपणी आईनं माझा डावा हात सुटावा म्हणून काय काय नाही केलं! पाटीवर डाव्या हातानं लिहिलं की बोटांवर फटका. प्रसादाला डावा हात पुढं केला की फटका. कुंकवाच्या करंड्याला तो हात लागला तर "अगं अवदसे!" म्हणून करंडाच काढून घ्यायची. आमचं गाव कानडी मुलखातलं, गल्लीतली पोरं मला 'यडची' म्हणायची. कानडीत डावखुऱ्या पोरीला तसंच म्हणतात. जेवणापुरता उजवा हात मी कबूल केला. बाकी सगळीकडं ती हरली. वडील रेल्वेत फिटर. त्यांनी मात्र मागच्या शेडमध्ये माझ्या डाव्या हातात हातोडी दिली आणि म्हणाले, "कुठल्या हातानं मारलं ते खिळ्याला काय कळतंय!"

वडील गेले. शेड राहिली, लोखंड कापायचा त्यांचा ग्राइंडर राहिला. शाळेतली नोकरी संपल्यावर मी तिथंच रमले. गेटच्या कड्या, कुंड्यांचे स्टँड, शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या, सगळं माझ्याकडंच येतं.

मग आईला झटका आला आणि तिचं उजवं अंग गेलं. जीभ शाबूत, तोरा शाबूत, पाय ओढत चालायची, हात मात्र पार लुळा. डाव्या हातानं घास घ्यायला बाई तयार नाहीत, मीच भरवायचं. तेही चालेल हो. पण संडासात बसली की तिला एकटीला उठता यायचं नाही, आणि मला हाक मारायची लाज वाटायची. म्हणून तिनं काय शोधून काढलं, तर दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही. ऐन उन्हाळ्यात! ओठ सुकलेले, आणि विचारलं की म्हणायची, "तहानच नाही गं." मला इतका संताप यायचा की रडूच फुटायचं.

संडासात तिच्या डाव्या हाताला धरायला काहीतरी हवं होतं. तिथं डावीकडं भिंत नाही, दार आहे. म्हणजे जमिनीत पाइप रोवून त्याला आडवा दांडा बसवायला हवा. फॅब्रिकेटर येतो येतो म्हणत आलाच नाही. मरू दे, मीच करते म्हटलं. पाइप आणला, अर्धा कापला, आणि वडिलांच्या ग्राइंडरनं भसाभसा धूर सोडला. आतलं वायंडिंगच जळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीबानपेठेच्या पुढचं हार्डवेअरचं दुकान गाठलं. मालक आपलेच, घरी मराठी बोलणारे. त्यांनी माझ्या मागं बघत विचारलं, "मिस्त्री नाही आला, अक्का?"

"मीच मिस्त्री."

त्यांनी एक दणकट मशीन पुढं ठेवलं. मी ते डाव्या हातात धरलं. बटण नेमकं पलीकडच्या बाजूला, अंगठा पोचेना. वडिलांच्या ग्राइंडरचंही तसंच होतं. उजव्या हातानं चालू करायचं आणि मग हात बदलायचा. मध्येच चाक अडकून मशीन उसळलं तर पटकन बंद करायची सोय नाही. आता साठी आली, आईला बघणारी मी एकटी. बोटं कापून घेणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून सांगितलं, बटण मशीनच्या पोटाखाली पाहिजे, दाबून धरलं तर चालू, सोडलं की बंद. बाजूची मूठ दोन्हीकडं बसली पाहिजे. चाकावरचं झाकण हातानं फिरलं पाहिजे, म्हणजे ठिणग्या माझ्या अंगावर येणार नाहीत.

"उजव्या हाताची सवय करा की," मालक म्हणाले. "सगळे तसंच धरतात."

"धरू देत. मी नाही धरणार. ती वरची खोकी काढा."

कुरकुरत शिडी चढले बिचारे. चौथ्या की पाचव्या खोक्यात पाहिजे तसं मशीन निघालं. तिथंच वायर जोडायला लावली. बोटं सैल केली की आवाज उतरत होता. माझ्या मुठीला बसेल असं मशीन मी जन्मात पहिल्यांदा धरलं होतं.

मी नोटा पुढं केल्या, तर मालकांनी हात मागं घेतला. "ब्याडरी, नको अक्का, डाव्या हातानं नको. सकाळची भवानी आहे."

"ह्याच हातानं खडू धरून मिळवलेत. चालत नसेल तर मशीन ठेवून घ्या, शेजारी दुकान आहे."

त्यांनी नोटा घेतल्या. कपाळाला लावल्या नाहीत, एवढंच.

घरी आई शेडच्या दारात खुर्चीवर बसली होती. "कुंकू लावल्याशिवाय नवं मशीन चालू करायचं नाही हं!"

मी करंडा आणून तिच्यापुढं धरला. "तू लाव."

"मी कशी लावू?" तिनं मांडीवरच्या उजव्या हाताकडं बघितलं.

"डावा आहे की."

"कुंकू? डाव्या हातानं? भ्रमिष्ट झालीस का तू?"

माझा बांध फुटला. "आई, ह्याच हातानं मी तुला रोज आंघोळ घालते, उचलते, पुसते. तेव्हा चालतो ना? तो दांडाही डावीकडंच बसणार आहे. धरणार नसशील तर आत्ता सांग, पाइप भंगारात देते. आणि पाण्यावाचून मी तुला मरू देणार नाही, समजलं?"

तिचे डोळे भरले. मग पुटपुटली, "तुझ्या बापानं बिघडवलं तुला." आणि डावा हात करंड्यात घातला. कुंकू मशीनवर वेडंवाकडं फासलं गेलं, थोडं तिच्या लुगड्यावर सांडलं.

"बघतेस काय? कर चालू," ती म्हणाली.

दांडा बसला. सिमेंट वाळल्यावर ती एकटी संडासात गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. आली बाहेर, माझ्याकडं न बघता खुर्चीत बसली. मी शेडमध्ये गेले.

दुपार टळल्यावर तिची हाक आली, "अगं, पाणी आण की तांब्याभर."