पाटीवाल्या मेहुण्याचा डोळा

माझा मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवतो. मी जन्मभर गिलावा केला. हात राखून केलेलं काम मला लांबूनच कळतं. ह्याने तसं कधी केलं नाही. एका अक्षराची कड बिघडली की सबंध ओळ पुसायचा.

मागल्या वर्षी त्याच्या उजव्या बुबुळावर विषाणूमुळे जखम झाली. औषधाचे थेंब तासातासाला घालायचे होते. शिडीवरच्या माणसाला तास कुठले कळतात? जखम चिघळली. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मधोमध डाग राहिला तर बारीक अक्षरं विसरा."

 

बाईंनी अजून चाचणी चालू असलेलं एक नवं औषध दिलं. "साधे थेंब अश्रूंबरोबर वाहून जातात. यात औषध चरबीच्या अगदी सूक्ष्म पिशव्यांत भरलंय. त्या डोळ्याला धरून राहतात, औषध हळूहळू सोडतात. सकाळ-संध्याकाळ पुरे. बाटली फ्रिजमध्ये ठेवा."

"म्हणजे आधीचा चुना, हा ऑइल पेंट," मेहुणा म्हणाला. डोळा बिघडला तरी जिभेची धार तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बहीण ओरडली, "अहो, हे काय शिजायला घातलंय?"

बाटली उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभी होती. थंडीत रंग घट्ट झाला की डबा असाच ठेवतात.

"दाट वाटलं. सैल करतोय."

"डोळा आहे तो, दुकानाचं शटर नाही!"

दुधासारखं औषध फाटून खाली चोथा बसला होता. बहीण मला म्हणाली, "दादा, तूच जा यांच्याबरोबर. मी गेले तर तिथेच भांडेन."

डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरली. "पिशव्या फुटल्या सगळ्या. डोळ्यात नाही ना घातलं?"

"घालणार होतो. तेवढ्यात बायको ओरडली."

"बायकोचे आभार माना." त्यांनी दुसरी बाटली दिली. "आता तिसरी मिळणार नाही."

पुढे थेंब घालणं बहिणीने हातात घेतलं. हा खुर्चीत मान मागे टाकून सूचना द्यायचा, "जरा डावीकडे. कडेला गेला बघ."

"हलू नका. पाटी नाही रंगवत मी."

जखम भरली. शेवटच्या तपासणीला आम्ही तिघंही गेलो. बाईंनी डावा डोळा झाकून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मेहुणा बोलेना. बहिणीने माझं मनगट घट्ट धरलं.

"दिसत नाही का?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय हो. पण सगळ्यात खालच्या ओळीतला 'स' कोणी काढलाय? दांडा वाकडा आहे."


बाई तक्त्याजवळ गेल्या, वाकून पाहिलं, "खरंच की!" म्हणाल्या आणि हसत सुटल्या. बहिणीने माझा हात सोडला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.