छकुलीच्या अष्टकाचं आठवं कडवं

आमच्या मोतीरामला भेटायचं तर लग्नात भेटावं. अंतरपाटाच्या उजव्या अंगाला, डाव्या हातात वही, उजव्या मुठीत अक्षता, आणि गळा असा की मंडपामागे झोपलेलं कुत्रंही उठून बसायचं. हिवरा आश्रमाच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत चाळीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्यांची मंगलाष्टकं त्यानं केलेली. माणूस सातवी पास. मीही सातवीच, एका बाकावरचे आम्ही. तो कविता करायला लागला आणि मी गोष्टी सांगायला. फरक एवढाच, की त्याला ऐकायला लोक थांबत, आणि माझ्यासाठी त्यांना हात धरून बसवावं लागतं.

मोतीरामचे नियम दोन. प्रत्येक नवरीचं अष्टक नवं, तिच्या घरचं, तिच्या आजोळचं. एकीचं दुसरीला नाही. आणि अंतरपाट धरला जाईपर्यंत ते कोणाच्या कानावर पडू द्यायचं नाही. "देवाले उष्टा निवद दाखवतं काय कोणी?" असं म्हणायचा. मी जिवाभावाचा दोस्त, पण मलाही आधी एक ओळ ऐकवली नाही कधी.

तर वहीची गंमत सांगतो. तीन-चार वर्षांमागे एका लग्नात असं वावधन, वादळी वारं, सुटलं की वहीची सुटी पानं मंडपावरून उडाली. मोतीराम डगमगला नाही. उरलेलं पाठ म्हणायला लागला आणि मागच्या आठवड्यातल्या लग्नाची नावं त्यात घुसली. नवरदेवाचा मामा कोण भलताच निघाला! खरा मामा फेटा काढून जेवायच्या पंगतीतून उठला. त्याची समजूत काढता काढता माझी जिलबी गार झाली.

पुढं मोतीरामच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बारीक अक्षर दिसेना. त्याची लेक पुष्पांजली नवरा वारल्यापासून माहेरीच राहते, अंगणवाडी सांभाळते. ती म्हणाली, "बाबा, टॅब घ्या. अक्षर पाहिजे तेवढं मोठं होते." छकुली तिची मुलगी, मोतीरामची एकुलती नात. तिचं लग्न ठरलं होतं, आणि तिचं अष्टक तो तीन वर्षांपासून करत होता. सात कडवी झाली होती. आठवं अडलं होतं.

पंचाहत्तरीनंतर आम्हाला एसटी फुकट, तेव्हा मेहकर, चिखली करत बुलढाण्याला गेलो. तिथं माझा नातू हर्षल कॉलेजात शिकतो. सुटीत लग्नांमध्ये माईक धरतो, निवेदन करतो, गातोसुद्धा. गाणं त्याला मोतीरामनंच शिकवलं, मांडीवर बसवून. त्याला सोबत घेऊ, असं मीच म्हणालो.

दुकानदारानं तीन टॅब काचेवर मांडले. एक मोठा, लिहायला पेन असलेला. दुसरा कागदासारखा, रंग नाही, उजेड नाही, नुसती काळी अक्षरं. तिसरा लहान, चकचकीत, सिमकार्डाचा, प्रवासाला बरा. दुकानदार प्रत्येकाचे गुण सांगायला लागला तर मोतीराम म्हणाला, "थांबा भाऊ, मले हातात धरून पाहू द्या."

आणि त्यानं पाहिलं ते असं. मोठा टॅब डाव्या हातात छातीसमोर धरला, उजव्या हाताची मूठ वळली आणि भर दुकानात एक जुनं, लग्नात गाऊन झालेलं मंगलाष्टक सुरू केलं! आठ कडवी. फोन दुरुस्तीला आलेल्या बायका हसायला लागल्या. पाचव्या कडव्याला टॅब छातीवरून पोटावर आला.

"हा मोठा नाही," मोतीराम म्हणाला. "शुभ मंगल म्हणेलोक नवरदेवाच्या टाळक्यात पडीन."

मग कागदासारखा घेऊन थेट दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. लग्नं काय सावलीत थोडीच लागतात! तिथंही आठ कडवी. परत आला तेव्हा चेहरा खुलला होता. मला म्हणाला, "उन्हात वहीसारखं दिसते रे उकंड्या! वजनबी नाही."

दुकानदार म्हणाला, "याले सिम-बिम नाही, आजोबा. लिहिलं ते याच्यातच राह्यते."

"मंग हेच द्या."

पण हर्षल मधे पडला. "मोती आबाजी, ह्याच्यात गाणं वाजत नाही, फोटो दिसत नाही. कायले घेता? लहानवाला घ्या. झोळीत मावते, बसमध्ये वाचता येते, बोटानं लिहिता येते."

मोतीरामनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी शहाणा! म्हणालो, "पोट्टं शिकेल आहे. त्याचं ऐक." झालं, लहानवाला घेतला.

दुकानातच हर्षलनं तो चालू करून दिला. कसलंसं खातं लागतं म्हणाला. मोतीरामचं खातं नव्हतं. "तुमचं उघडायले वेळ लागते, सध्या माहंच टाकून देतो," असं म्हणाला आणि टाकलं. आम्हा दोघांना वाटलं, तालुक्याला बँकेत ओळख लागते तसं काही असेल. आम्ही त्याला रसवंतीत नेऊन रस पाजला.

त्या पाटीनं मोतीराम पोरासारखा झाला. मी पाटीच म्हणायचो तिला. मेहकरच्या बसमध्ये खिडकीशी बसून बोटानं एवढाली मोठाली अक्षरं काढायचा, आणि मी वाकलो की पदरासारखा टॉवेल वर ओढायचा. एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन नुसता बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "आठवं झालं."

"ऐकव."

"तू काय नवरी हायस बे?"

छकुलीच्या लग्नाला आठ दिवस होते तेव्हा डोणगावला प्रेरणा नावाच्या एका पोरीच्या लग्नाला आम्ही गेलो. माईक हर्षलकडं होता. आपला नातू गातो म्हणून मी छाती काढून उभा. सात कडवी झाली, नेहमीचीच, कोणाच्याही लग्नात चालतील अशी. आठव्याला हर्षलनं सूर वर नेला:

आली ही प्रेरणा घरात चिमणी दाणे टिपाया जशी,
जाते आज निघून, सूप उरले हाती रिते माउली…

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पण मोतीरामनं माझं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट, की मी वळून पाहिलं. तो हर्षलकडं नव्हता पाहत, जमिनीकडं पाहत होता.

"प्रेरणा तिथं बसत नाही," तो म्हणाला. "चाल अडखळली, ऐकलं काय? तिथं छकुली हाये."

मला समजायला वेळ लागला. तोवर शुभ मंगल झालं. मोतीरामनं अक्षता नीट नवरीच्या डोक्यावर टाकल्या. "त्या लेकराचा काय गुन्हा," म्हणाला आणि न जेवता स्टँडकडं चालायला लागला.

मी हर्षलला मंडपामागं गाठलं. "हे कडवं कुठून आणलं?"

त्यानं लपवलंही नाही. मोतीराम पाटीवर जे लिहायचा ते सगळं त्याच्या फोनात दिसायचं, खातं त्याचंच होतं ना. "आबाजी, नवरीवाल्यायले काही नवं पाहिजे होतं. माह्याजवळ वेळ नव्हता. एकच तर कडवं घेतलं."

"ते छकुलीचं होतं!"

"मंग? त्यायच्या टॅबमध्ये अजून तसंच हाये. एक अक्षर तरी कमी झालं काय?"

मी तसाच मोतीरामच्या मागं स्टँडकडं निघालो. हर्षल खोटं बोलत नव्हता, हेच जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं, की काही गेलेलं नाही.

बसमध्ये मोतीरामला म्हणालो, "आठ दिवस हायेत. दुसरं कर."

"दुसरी नात आणू कुठून?" एवढंच म्हणाला. तुझ्या नातवानं असं केलं, असं त्यानं त्या दिवशी म्हटलं नाही, आजवर म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

छकुलीच्या लग्नात तो जुनी वही घेऊन उभा राहिला. सात कडवी अशी गायली की मी तसा गळा त्याचा पूर्वी कधी ऐकला नव्हता. मग थांबला. अक्षतांच्या मुठी वर झाल्या होत्या. कोणाला वाटलं भोंगा बंद पडला, कोणी हर्षलला ओरडलं, "ए, माईक पाह्य रे!" सुपारी आधीच दिलेली, तेव्हा माईक इथंही त्याचाच. मोतीरामनं वही मिटली आणि सरळ "शुभ मंगल सावधान" म्हणाला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली.

पाया पडायला आली तेव्हा छकुलीनं विचारलं, "आबाजी, सातच? आठवं माह्यासाठी करून राह्यले होते ना तुम्ही?"

हर्षल दहा पावलांवर वायर गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता त्याचे हात थांबले. मोतीरामनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नाही जमलं, माय," तो छकुलीला म्हणाला. "म्हातारा झालो आता."

तिनं त्याचा हात कुरवाळला. "राहू द्या, आबाजी," म्हणाली. मी बाजूलाच उभा होतो, हातात तिच्यासाठी आणलेलं पातळ घेऊन, आणि एवढ्या गोष्टी सांगणाऱ्या मी ही एक गोष्ट गिळून ते तिच्या हातात ठेवलं.