उसनी साक्ष

बार्नबस थर्कल लाकडी पिंपं करायचा. त्याच्या पिंपातून थेंब गळायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. तरी इंग्लंडात, सफोकमध्ये असताना तो एकदा पाद्र्याला तोंडावर बोलला होता. बिशपचा हुकूम होता, प्रार्थना छापील पुस्तकातूनच म्हणायची.

"हे दुसऱ्याचे शब्द आहेत," बार्नबस म्हणाला. "देवाशी बोलायचं तर माझं मी बोलेन. नाही जमलं तर गप्प बसेन."

त्यापायी त्याने दोनदा तुरुंग पाहिला. शेवटी घर मोडून, बायकोला घेऊन तो जहाजात बसला आणि नऊ आठवडे ओकत अमेरिकेत, न्यू इंग्लंडला पोचला.

इथे ना बिशप, ना पुस्तक. पण पंचाईत दुसरीच निघाली. कुणाला तारायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवून ठेवलेलं. त्यात माणसाचं काही चालत नाही. मात्र निवडलेल्याला कधीतरी आतून खूण पटते. ती कशी पटली हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. लोकांना पटलं तर मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जागा. नाहीतर प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरी आणि द्राक्षारसाचा प्याला यायच्या आधी उठून बाहेर जायचं. ज्या निर्मळ भोजनासाठी बार्नबस समुद्र ओलांडून आला, त्यातूनच तो सहा वर्षं उठून जात होता. त्याची बायको बेथाया आत बसायची.

दोनदा तो साक्ष द्यायला उभा राहिला. "कृपा कधी जाणवली?" मंडळीतले वडीलधारे गॅदरकोल विचारायचे. बार्नबस खरं तेच सांगायचा, "अजून नाही."

"अरे, निदान पायात कापरं तरी भरलं असेल!" शेजारचा लोहार बाहेर आल्यावर चिडवायचा.

"भरलं होतं. जहाजात."

तिसऱ्या खेपेला बेथायाच पुढे झाली. "अहो, माझंच सांगा. थोडं फिरवून." तिने सहा वर्षांपूर्वी दिलेली साक्ष अशी होती: दही गाळताना स्तोत्राची एक ओळ मनात आली, पाय गळाले, आपलं पाप डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि मग ती तासभर रडली. बार्नबसने दह्याच्या जागी पिंपाची फळी घातली आणि महिनाभर घोकलं.

साक्ष झाली तेव्हा दोन बायकांनी डोळे टिपले. गॅदरकोलांचा आवाज भरून आला. होकारासाठी सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. बार्नबस मंडळीत आला.

पुढच्या रविवारी प्रार्थनेला बोलावणारा ढोल वाजला, सगळे जमले. प्रवचन संपल्यावर मंडळीबाहेरची माणसं निघून गेली आणि बार्नबस पहिल्यांदा आत राहिला. ताटली फिरत त्याच्यापर्यंत आली. त्याने भाकरीचा तुकडा उचलला, बराच वेळ तसाच धरला आणि परत ठेवला.

"थर्कल, काय झालं?" गॅदरकोलांनी विचारलं.

"मी बोललो ते माझं नव्हतं. पाठ केलेलं होतं. बिशपचं म्हटलं नाही आणि इथे येऊन हे म्हटलं." त्याचे कान लाल झाले होते. कुणाचं शिकला ते त्याने सांगितलं नाही. लाज वाटत होती, तरी पाठ ताठ ठेवून तो दारातून बाहेर पडला आणि कुंपणाजवळच्या ओंडक्यावर जाऊन बसला.

थोड्याच वेळात दार पुन्हा वाजलं. बेथाया बाहेर आली.

"तू कशाला आलीस? तुझी जागा आत आहे."

"नाही." ती त्याच्याकडे न बघता बोलू लागली. "ती गोष्ट माझीही नाही. माझ्या आईची आहे. मला कधी काही झालंच नाही हो. आणि सहा वर्षं तुम्हाला बाहेर जाताना बघत मी आत बसून खात होते."