धाकटीची बॅग

दवाखाना मागे पडून तास झाला, तरी इस्त्रीवाली थांबायचं नाव घेईना. सोबत आलेली शेजारीण शेवटी म्हणाली, "अगं बाई, माझ्या चपलेनं राजीनामा दिला. टेक की घटकाभर!" इस्त्रीवाली हसलीसुद्धा नाही.

तिच्या सासऱ्यांना भास व्हायचे. ते बघून मुलाच्या मनावर परिणाम नको, म्हणून आठव्या वर्षीच तिने काळजावर दगड ठेवून त्याला वसतिगृहात धाडलं. तिथे त्याने मार खाल्ला, तो एकटा पडला, बोलेनासा झाला. आता विसाव्या वर्षी त्यालाही आवाज ऐकू येतात.

"डॉक्टर म्हणाले, धोका रक्तातच होता, एकटेपणानं वाढला असेल. रक्त सासऱ्यांचं गं, पण एकटेपण मी दिलं."

"देवाला तुझं मन ठाऊक आहे," शेजारीण म्हणाली खरी, पण तिचं तिलाच ते पोकळ वाटलं.

इस्त्रीवालीने तिचं मनगट घट्ट धरलं. "भावाला असं बघायला नको, म्हणून धाकटीला लांब पाठवतेय. कालच तिची बॅग भरली. मी पुन्हा तेच करतेय का, मला कळेनासं झालंय. तू घरी चल, आणि ती बॅग तुझ्याकडे घेऊन जा. मी मागितली तरी देऊ नकोस."